तीन पाकिटे, एकच भाव

वादाला तोंड फुटले ते शिरीषमुळे. सोसायटीच्या रंगकामासाठी आलेली तीन बंद दरपत्रके त्याने कट्ट्यावर उलगडली, तेव्हा तिन्ही कागदांवर सोसायटीचे नाव ‘सम्रुद्धी’ असे एकाच चुकीने लिहिलेले होते. हे तिघे एकत्र बसूनच आकडे भरतात, आता अशा संगनमतावर कारवाई करणाऱ्या स्पर्धा आयोगाकडेच जातो, असे तो तावातावाने म्हणाला.

भुसार दुकान चालवणाऱ्या मुकुंदाला हे पटेना. बाजारात साखरेचा भाव सगळीकडे सारखा असतो, मग आम्हीही कट केला का, असा त्याचा सवाल होता आणि तो रास्तही होता.

त्यावर वकिली करणाऱ्या विनायकने भारतीय अन्न महामंडळाचे प्रकरण काढले. गोदामातल्या धान्याला कीड लागू नये म्हणून वापरायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांसाठी महामंडळाने २००९ मध्ये निविदा मागवल्या, तेव्हा तीन कंपन्यांनी किलोला ३८८ रुपये हाच दर भरला. दुकानाच्या पाटीवरचा भाव शेजाऱ्याला दिसतो, त्यामुळे तो आपोआप जुळू शकतो. बंद पाकिटातला भाव असा जुळत नाही. महामंडळाच्या तक्रारीत आयोगाला प्रथमदर्शनी तथ्य दिसले, आयोगाच्याच महासंचालकांनी चौकशी केली आणि कंपन्यांचे म्हणणे ऐकून आयोगाने २०१२ मध्ये सरासरी उलाढालीच्या ९ टक्के दंड ठोठावला. सर्वांत मोठ्या कंपनीच्या वाट्याला सुमारे २५२ कोटी रुपये आले. अपिलात मात्र फक्त या गोळ्यांची उलाढाल धरावी असे ठरले, तो आकडा ७ कोटींच्या आत आला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले.

“डोंगर पोखरून उंदीर!” शिरीष उसळला.

“तांदळाच्या मापात मारले, तर गुळाच्या गल्ल्यावर हात का घालायचा?” मुकुंदाने विचारले.

मला शिरीषचे म्हणणे पटत होते. दहा कटांपैकी एखादाच उघडकीस येत असेल, तर त्या एकाचा दंड लाभाच्या मानाने जबर असल्याशिवाय कोणी कशाला धास्तावेल? स्पर्धा कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीने उलाढाल म्हणजे कंपनीची सर्व उत्पादनांची, जगभरातली उलाढाल, अशी व्याख्या केल्याचे विनायकने सांगताच शिरीषने टाळी मागितली. परंतु आयोगाच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दंडाच्या हिशेबाची सुरुवात अजूनही संबंधित मालाच्या उलाढालीपासूनच होते आणि जगभरातली उलाढाल येते ती कमाल मर्यादा ठरवताना, हे कळल्यावर मुकुंदानेही तितक्याच उत्साहाने टाळी मागितली.

मुकुंदा खरा चिडला तो सवलतीच्या तरतुदीवर. कट करणाऱ्यांपैकी जो आयोगाकडे आधी जाऊन पुरावे देतो, त्याचा दंड पूर्ण माफ होऊ शकतो. बिअर कंपन्यांच्या संगनमताच्या प्रकरणात २०२१ मध्ये एका कंपनीला अशी १०० टक्के माफी मिळाली, तर इतरांवर मिळून ८७० कोटींहून अधिक दंड बसला. चोरालाच साक्षीदार करायचे हा कुठला न्याय, असे तो म्हणाला. कट करणारे इतिवृत्त लिहीत नाहीत, त्यामुळे आतला माणूस फुटल्याशिवाय बहुतेक प्रकरणे उभीच राहत नाहीत, हे विनायकचे उत्तर त्याने ऐकून घेतले. मान्य मात्र केले नाही.

शिरीष कागदांच्या घड्या घालत होता. या तीन रंगाऱ्यांपैकी आधी कोण फुटेल, असे त्याने विचारले.

“यंदा ज्याची पाळी नाही, त्याला विचार,” मुकुंदा म्हणाला.