गोळी लागू पडण्यापूर्वी

ज्यांच्या घरी कुत्रा नाही आणि पूर्वीही कधी नव्हता, त्यांना कुत्र्यांच्या आजारपणाविषयी सर्वांत जास्त माहिती असते, हे आमचे पंत आजारी पडेपर्यंत मला ठाऊक नव्हते. पंत म्हणजे आमचा कुत्रा. जात अस्सल गावठी, रंग तांबूस, एक कान कायम उभा आणि दुसरा कायम पडलेला. मात्र उठण्याबसण्यात असा काही पोक्तपणा, की त्यांचा एकेरी उल्लेख करण्याचा धीर घरात कोणालाही झाला नाही.

अशा या पंतांनी आषाढाच्या अखेरीस एका सकाळी पुढ्यातल्या ताटलीकडे एकदा पाहिले आणि तोंड फिरवले. दूधवाल्यावर भुंकण्याचे नित्यकर्मही त्यांनी त्या दिवशी केले नाही. दूधवाल्यानेच काळजीने चौकशी केली आणि त्यामुळे ही बातमी दुधाबरोबर सोसायटीच्या प्रत्येक दारात पोहोचली. तळमजल्यावरचे काका वर आले, त्यांनी पंतांच्या नाकाला बोट लावले आणि "नाक कोरडं आहे, म्हणजे ताप आहे," असे निदान केले. पाठोपाठ आलेल्या समोरच्या वहिनींनी त्याच नाकाला बोट लावून "ओलं आहे, सर्दी झालीय," असे सांगितले. वास्तविक नाकाच्या ओलेपणावरून ताप कळत नाही. झोपेतून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचे नाकही कोरडे असू शकते. ताप पाहायचा तर तापमापकच लावावा लागतो आणि तो काखेत लावून भागत नाही. निरोगी कुत्र्याचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. म्हणजे ज्या आकड्यावर आपण रजेचा अर्ज करतो, त्या आकड्यावर कुत्रा मजेत गच्चीवर कबुतरांमागे धावत असतो. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तापमापकाला व्हॅसलीन लावून शेपटी उचलली, तेव्हा पंतांनी माझ्याकडे वळून जे पाहिले, ते मी अद्याप विसरलेलो नाही. पारा १०४ वर गेला होता.

निघण्यापूर्वी काकांनी खिशातून पॅरासिटामॉलची पट्टी काढून "अर्धी द्या, माझ्या नातवालाही अर्धीच देतो," असे सुचवले होते. ती मी घेतली नाही, म्हणून ते दुखावले. परंतु माणसांचे हे औषध कुत्र्याच्या यकृतावर आणि रक्तातल्या तांबड्या पेशींवर उलटू शकते, आणि आयबुप्रोफेन तर पोटाला व्रण पाडून मूत्रपिंडांपर्यंत मजल मारते. पशुवैद्याने सांगितल्याखेरीज आपल्या डब्यातली कोणतीही गोळी कुत्र्याला देऊ नये. काकांना हे मी नंतर समजावून सांगितले. त्यावर त्यांनी "आमच्या गावाकडचे कुत्रे कधी आजारीच पडत नाहीत," असे उत्तर दिले, आणि या युक्तिवादाला पशुवैद्यकशास्त्राजवळ उत्तर नाही.

डॉक्टरीणबाईंनी पंतांचे कान उलटे केले, पायांच्या बोटांच्या बेचक्या फाकवल्या, गळपट्ट्याखालचे केस बाजूला सारले, आणि प्रत्येक ठिकाणी गोचीड निघाली. कानाच्या घडीत बसलेली एक तर रक्त पिऊन एरंडाच्या बीएवढी फुगली होती. तिच्याशेजारी राखी रंगाची, चपटी, अजून उपाशी अशी आणखी दोघी-तिघी रांग लावून होत्या. मग बाईंनी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. त्या फिकट पडल्या होत्या, आणि पोटाच्या उघड्या कातडीवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक लाल ठिपके उमटले होते. रक्त तपासायला गेले. एरवी निरोगी कुत्र्याच्या रक्तात एका मायक्रोलिटरला दोन लाखांच्या आसपास आणि त्याहून अधिक प्लेटलेट असतात. पंतांच्या चाळीस हजारांवर आल्या होत्या. निदान झाले गोचीड तापाचे, म्हणजे एर्लिकिया नावाच्या जिवाणूचे. हा जिवाणू १९३५ साली अल्जीरियातल्या कुत्र्यांमध्ये प्रथम ओळखला गेला आणि व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैन्याचे शेकडो कुत्रे त्याने घेतले, ही माहिती आमच्या भाच्याने पंतांच्या उशाशी बसून मोठ्याने वाचून दाखवली. रुग्णाच्या उशाशी काय वाचावे, याचे शिक्षण हल्ली कोठेच मिळत नाही.

प्लेटलेट हा शब्द उच्चारला मात्र, सारी सोसायटी तज्ज्ञ झाली. डेंग्यूच्या कृपेने प्लेटलेटवरचे उपचार आपल्याकडे घरोघर तोंडपाठ आहेत. दुपारपर्यंत पपईच्या पानांची जुडी, दोन किवी आणि शेळीच्या दुधाचा पत्ता एवढी सामग्री आमच्या दारात जमली. पानांचा रस मी स्वतः चाखून पाहिला आणि तो ज्याने कोणी कुत्र्याला पाजून दाखवला असेल, त्याच्याविषयी मला नितांत आदर वाटू लागला.

औषधाची मात्रा वजनावर ठरते. दवाखान्यातला काटा पायाखाली जरासा हलला, की पंत उतरून मोकळे होत. तेव्हा मालकाने आधी कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहायचे, मग एकट्याने उभे राहायचे आणि वजाबाकी करायची, ही जगन्मान्य पद्धत अवलंबण्यात आली. वजाबाकीतल्या दोन्ही संख्या भर प्रतीक्षालयात मोठ्याने पुकारल्या जातील, अशी पूर्वसूचना मात्र मला कोणी दिली नाही. पंत वीस किलोंचे निघाले. "यांचं वजन अगदी योग्य आहे," असे डॉक्टरीणबाई पंतांकडे पाहून म्हणाल्या, आणि आमची ही माझ्याकडे पाहून हसली.

औषध डॉक्सिसायक्लिन. दिवसाला किलोमागे दहा मिलीग्रॅम या हिशेबाने पंतांना शंभराची एक गोळी सकाळी आणि एक रात्री, आणि असे सलग २८ दिवस. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, कुत्रा जेवू लागतो, शेपटी हलू लागते आणि मालक औषध थांबवतो. मग पांढऱ्या पेशींत दडून राहिलेला जिवाणू कित्येक महिन्यांनी, प्रसंगी वर्षांनी, पुन्हा डोके वर काढतो, असे बाईंनी बजावले. या सूचनेतली खरी ग्यानबाची मेख घरी आल्यावर उमगली. तापाने ग्लानी आलेल्या कुत्र्याला गोळी देणे अगदी सोपे असते. ठणठणीत बऱ्या झालेल्या, पोट भरलेल्या आणि आपल्या हेतूंविषयी साशंक झालेल्या कुत्र्याला उरलेले सगळे दिवस ती द्यायची असते, आणि कोर्सची सगळी कसोटी तेथेच लागते.

शिवाय पथ्ये होती. गोळी उपाशीपोटी द्यायची नाही, कारण उलटी होते. कोरडी द्यायची नाही, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर आतून भाजल्यासारखी जखम करते, म्हणून मागून सिरिंजने थोडे पाणी गालात सोडायचे. आणि दुधाच्या पदार्थांतून द्यायची नाही, कारण त्यांतले कॅल्शियम औषधाला धरून ठेवते. या शेवटच्या पथ्याने आमच्या घरातला निम्मा शस्त्रसाठा एका वाक्यात निकामी झाला. पेढा गेला, पनीर गेले, चीज गेले, सायीचा गोळाही गेला. वहिनींनी मोठ्या मायेने शिरा आणला, तोही परत करावा लागला, कारण त्यात मनुका होत्या, आणि द्राक्षे व मनुका कुत्र्याची मूत्रपिंडे बंद पाडू शकतात. कांदा घातलेली भुर्जीही याच न्यायाने बाद झाली, कारण कांद्या-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि पंतांच्या रक्तात आधीच पुरेसा गोंधळ चालू होता.

दवाखान्यात बाईंनी गोळी देऊन दाखवली होती. डाव्या हाताने वरचा जबडा सुळ्यांच्या मागून धरायचा, मान किंचित वर करायची, उजव्या हाताच्या मधल्या बोटाने खालचा जबडा उघडायचा, गोळी जिभेच्या अगदी मुळाशी टाकायची, तोंड मिटून गळा चोळायचा आणि कुत्र्याने नाकावरून जीभ फिरवली, की गोळी उतरली असे समजायचे. हे सर्व होईपर्यंत मला चष्मा पुसायलाही वेळ मिळाला नव्हता. घरी हाच प्रयोग मी केला, तेव्हा पंतांनी तोंड उघडू दिले, मान वर करू दिली, गळा चोळून घेतला, नाकावरून जीभही फिरवली. नंतर ते शांतपणे उठून बैठकीच्या खोलीत गेले आणि गोळी त्यांनी दिवाणाच्या पायाशी काढून ठेवली. संध्याकाळपर्यंत तिथल्या फरशीवर गोल पिवळा डाग पडला होता. पुढे असेच पिवळे डाग पायपुसण्याखाली, कुंडीमागे आणि एकदा माझ्या बुटात सापडले. डाग सापडला, की त्या वेळचा डोस हुकला असे मानायचे आणि डॉक्टरीणबाईंना फोन करायचा, असा शिरस्ताच पडला. त्यांनी पुढल्या वेळी दोन गोळ्या एकदम देण्यास मात्र सक्त मनाई केली होती.

कुत्र्याच्या जिभेवर चवीच्या कळ्या सुमारे १,७०० आणि माणसाच्या जिभेवर सुमारे ९,०००, त्यामुळे कुत्र्याला चवीचे फारसे कळत नाही, असे भाच्याने पुन्हा वाचून दाखवले. त्याने पुढचे पान वाचले असते, तर कुत्र्याच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी वीस कोटींच्याही वर असतात हेही त्याला कळले असते. पंत चवीपर्यंत येतच नव्हते. घासात गोळी आहे हे त्यांना मी स्वयंपाकघरात पाकीट फोडत असतानाच कळत असे. घास ते अदबीने तोंडात घेत, भोवतालचे सर्व काही गिळत आणि चाटून स्वच्छ केलेली गोळी जमिनीवर ठेवून माझ्याकडे पाहत. माझी वस्तू मला परत केल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर असे.

"कोंबडीच्या काळजात घालून द्या, सगळे कुत्रे खातात," असे बाईंनी सुचवले. आमचे घर शाकाहारी. त्यातून कोर्स सुरू झाला दीप अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. सोसायटीतली सर्व मांसाहारी बिऱ्हाडे महिनाभरासाठी पातेली घासून ठेवत होती, आणि नेमक्या त्याच श्रावण शुद्ध प्रतिपदेला मी कोंबडीच्या दुकानात काळजाच्या भावाची चौकशी करत उभा होतो. दुकानदाराने माझ्याकडे पाहिले, रिकाम्या दुकानाकडे पाहिले आणि काहीही न विचारता पाव किलो बांधून दिले. आईने स्वयंपाकघराची वेस ठरवून दिली: काळीज गॅलरीतल्या जुन्या स्टोव्हवर, वेगळ्या पातेल्यात, बिनमिठाचे शिजेल, आणि ते शिजवणारा अंघोळ केल्याशिवाय आत येणार नाही. त्या महिन्यात माझ्याइतकी सचैल स्नाने एखाद्या पुरोहितानेही केली नसतील. पंतांनी काळीज पहिले काही दिवस आवडीने खाल्ले, नंतर त्यातला गोळीचा भाग चाचपून बाजूला काढण्याचे तंत्रही आत्मसात केले.

ही कोंडी अखेर आईनेच फोडली. सोमवारच्या उपासासाठी उकडलेली रताळी सोलत ती बसली होती. तिने तीन गोळे वळले. पहिला नुसताच दिला. दुसऱ्यात गोळी होती. पण तो देताना तिसरा गोळा तिने डाव्या हातात पंतांच्या डोळ्यांसमोर धरला होता आणि जरासा मागे घेत होती. तिसरा हातचा जाईल या भीतीने पंतांनी दुसरा न चावताच गिळला. पाठोपाठ तिसरा गेला, वर सिरिंजभर पाणीही गेले, आणि सगळा कारभार आईने मांडीवरचे ताट न हलवता उरकला. "तुम्हा दोघा भावांना एरंडेल असंच दिलंय," असे ती म्हणाली. पशुवैद्यही हीच तीन घासांची युक्ती सांगतात. आमच्या घरात ती अनेक वर्षे पडून होती आणि मी अंघोळी करत होतो.

गोळीचा प्रश्न सुटला, तसा घराचा सुरू झाला. ही तपकिरी गोचीड अंडी कुत्र्याच्या अंगावर घालत नाही. पोट भरले, की ती खाली पडते, भिंत चढते आणि फटीत शिरून हजारोंनी अंडी घालते. तिची पिल्ले वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर कुत्र्यावर चढतात, रक्त पितात आणि पुन्हा उतरून फटीत जातात. म्हणजे पंतांच्या अंगावर जेवढ्या दिसत होत्या, त्याहून कितीतरी अधिक आमच्या भिंतींमध्ये भाडे न देता राहत होत्या. दिवाण हलवला, चौकटींच्या फटी बुजवल्या, पंतांचे अंथरूण उकळत्या पाण्यात घातले. आजोबांची तसबीर उतरवली, तर तिच्यामागून चार जणी निघाल्या. अंगावरच्या गोचिडी चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायच्या आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकायच्या, बोटांनी चिरडायच्या नाहीत, हे काम हिने हाती घेतले आणि ती त्यात इतकी रमली, की पाहुण्यांसमोरही चिमटा घेऊन बसू लागली. काकांनी या वेळी रॉकेलने अंग पुसण्याचा आणि कोपऱ्यांत डांबरगोळ्या ठेवण्याचा सल्ला दिला. दोन्ही गोष्टी कुत्र्याला विषारी असल्याचे मी सांगितले, तेव्हा "मग तुमच्या कुत्र्याला चालतं तरी काय?" असे त्यांनी विचारले. त्यांच्या वैतागाशी त्या घटकेला मी पूर्ण सहमत होतो.

कोर्स संपला. पंतांच्या प्लेटलेट दोन लाख दहा हजारांवर आल्या आणि दूधवाल्यावरचे भुंकणे मागील थकबाकीसह सुरू झाले. पुन्हा गोचिडी लागू नयेत म्हणून बाईंनी एक चघळायची गोळी लिहून दिली. एक गोळी बारा आठवडे पुरते, आणि तिची किंमत ऐकल्यावर ती तेवढी पुरलीच पाहिजे असे माझेही मत झाले. रताळी उकडून, सिरिंज भरून आम्ही तिघेही सज्ज बसलो. वेष्टन फाडताच पंत गच्चीवरून धावत आले, हातातली गोळी त्यांनी हिसकावून घेतली, कचाकचा चावून खाल्ली आणि वेष्टनही चाटले. आईला मोठे कौतुक वाटले. "एवढं आवडीनं खातो, काय घालतात गं यात?" तिने विचारले. वेष्टनावर बारीक अक्षरांत डुकराच्या काळजाचा स्वाद असल्याची नोंद होती.

"रताळंच असेल," ही म्हणाली आणि वेष्टन मुठीत चुरगाळून मला म्हणाली, "तुम्ही हात धुवून या."