आयर्विनला किती?

आमच्या सांगलीकडं पावसाळ्यात भेटणारा माणूस रामराम घालायच्या आधी विचारतो, "आयर्विनला किती?" म्हणजे सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं. ४० ला इशारा, ४५ ला धोका. एवढा एक आकडा कळला की पुढचं ज्याचं त्याला कळतं. कुणी जनावरं सोडतो, कुणी पोती माळ्यावर चढवतो, कुणी म्हातारीला घेऊन लेकीच्या गावाला निघतो.

मार्च २०२० मध्ये आम्हाला असा एकही आकडा मिळत नव्हता. ती गोष्ट माझ्या मनातून अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहितेय.

मी पुण्यात अडकलेली. आई-आण्णा वाळवा तालुक्यात, इस्लामपूरपासून दहा किलोमीटरवर. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २३ ला इस्लामपुरात पहिले चार रुग्ण सापडले आणि २४ च्या रात्री देश बंद झाला. थोड्याच दिवसांत इस्लामपूरचा आकडा पंचवीसच्या आसपास गेला आणि गावाचं नाव सगळ्या वाहिन्यांवर आलं. दिवसभर तेच बंद रस्ते, तेच बॅरिकेड. इस्लामपूरबद्दल अख्ख्या महाराष्ट्राला सांगत होते, पण इस्लामपूरच्या आसपास राहणाऱ्याला कामाला येईल असं त्यात काही नव्हतं.

आण्णांचे प्रश्न साधे होते. पेठ नाक्यापर्यंत जाऊ देतात का? आईच्या बीपीच्या गोळ्या ज्या दुकानातून यायच्या ते बंद पट्ट्यात गेलं का? डेअरीची गाडी उद्या येणार का, का दूध ओतून द्यायचं? रेशन कधी? आमच्या वेशीवर पोरांनी बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या होत्या आणि इस्लामपूरकडून येणाऱ्या माणसाला, मग तो कुणाचा जावई का असेना, गावात घेत नव्हते. भीती खरी होती, पण ती घालवायला कुणाकडं पक्की माहिती नव्हती.

पेपर बंद पडले होते. पुढं एप्रिलमध्ये तर घरोघरी पेपर टाकायलाच राज्य सरकारनं काही दिवस मनाई केली. उरलं व्हॉट्सॅप. त्याची करामत आम्ही आधीच बघितली होती. कोंबडीमुळं कोरोना होतो अशी अफवा फेब्रुवारीत उठली आणि ब्रॉयलरचा दर कोसळला. शेजारच्या शेडमधले पक्षी फुकट न्या म्हटलं तरी माणसं न्यायला येईनात. आता त्याच फोनवर गावातल्या माणसांची नावं फिरू लागली. याला ताप आहे, तो मुंबईहून आलाय, अमक्याच्या घरी जाऊ नका.

अशा वेळी आण्णांनी फळीवरचा रेडिओ खाली घेतला. सांगलीचं आकाशवाणी केंद्र १९६३ पासून आहे, म्हणजे आण्णांच्या लहानपणापासून. हवामान, ऊस, हळद, भजनं, हे त्यांचं ऐकणं. त्या दिवसांत रेडिओवर डॉक्टर बोलायचे, आणि ते आपल्याकडच्या भाषेत, घाई न करता बोलायचे. बीपी-शुगरच्या गोळ्या मनानं बंद करू नका, हे आण्णांनी ऐकलं आणि कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलं. मी फोनवर हेच चार वेळा सांगितलं होतं. माझं ऐकलं नव्हतं. रेडिओचं ऐकलं, कारण तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. त्या केंद्रांवरच्या निवेदकांनी आणि तंत्रज्ञांनी बंदच्या काळात येऊन प्रक्षेपण चालू ठेवलं, त्यांचे आभार आपण नीट मानलेच नाहीत. नागपूर आकाशवाणीवरून तर 'शाळेबाहेरची शाळा' चालली. स्मार्टफोन नसलेल्या घरातल्या लेकरांसाठी तीच शाळा होती.

पण पेठ नाक्याचं काय, डेअरीच्या गाडीचं काय, याचं उत्तर रेडिओकडंही नव्हतं. प्रादेशिक बातम्या पुण्या-मुंबईहून येतात आणि दहा मिनिटांत सगळा महाराष्ट्र उरकायचा असतो. त्यात वाळवा तालुका कुठं बसणार? जिल्ह्याच्या बातमीला बहुतेक ठिकाणी एक अंशकालीन वार्ताहर. त्या एकट्यानं काय काय बघावं?

बरं, आकाशवाणी नाही तर दुसरं कुणी सांगेल, तर तीही सोय नाही. आपल्या देशात खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायच्या, बस. सामुदायिक रेडिओ, म्हणजे तिथल्याच लोकांनी आपल्या भागापुरता चालवायचा छोटा रेडिओ, काढायला २००६ पासून सामाजिक संस्थांनाही परवानगी मिळाली, पण तिथंही बातम्या आणि राजकीय घडामोडी वर्ज्य. साताऱ्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात म्हसवडला २००८ पासून माणदेशी तरंग वाहिनी आहे, बारामतीला वसुंधरा वाहिनी आहे. माणसं तिथलीच, बोली तिथली. हवामान, रस्ते, सरकारी सूचना एवढं सांगता येतं. पण तालुक्याच्या दवाखान्यात ऑक्सिजन का नाही, हे अधिकाऱ्याला विचारून त्याची बातमी करायची म्हटलं की नियम आडवा. पेपर कुणीही काढावा, चोवीस तास ओरडणारी वाहिनी काढावी, यूट्यूबवर काहीही बोलावं. फक्त रेडिओनं तोंड बंद ठेवायचं. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये सांगितलंय. तीस वर्षं झाली त्याला.

२२ मे २०२० ला तेव्हाचे माहिती-प्रसारण मंत्री प्रकाश जावडेकर देशभरातल्या सामुदायिक रेडिओंवरून एकाच वेळी बोलले. सामुदायिक रेडिओवर बातम्यांची मागणी आहे आणि आपण तिचा विचार करतोय, असं ते म्हणाले होते. मी ते ऐकून आण्णांना फोन केला होता, इतका आनंद झाला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, खाजगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात अशी शिफारस केली. आणि त्याच वर्षी जूनमध्ये काय झालं? पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभागच बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचा निर्णय आला. लोक चिडले, विरोध झाला, म्हणून तो थांबला. एवढी महामारी सोसून आपण शिकलो ते हे? जिथं जिल्ह्याजिल्ह्यात बातमीदार वाढवायचे, तिथं आहे तेच खाली आणायला निघालो.

मला दोन गोष्टी नेहमी ऐकवल्या जातात. पहिली, लहान केंद्रांना बातम्या द्यायची मुभा दिली तर गावातले पुढारी ती ताब्यात घेतील. ही भीती मी उडवून लावणार नाही, मी गावातलीच आहे. पण रेडिओ केंद्राला परवाना असतो, पत्ता असतो, कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवावं लागतं. चुकलं तर धरता येतं. 'फॉरवर्डेड' असं लिहून आलेल्या निरोपाला कुठं धरणार?

दुसरी, आता सगळ्यांकडं मोबाइल आहेत, रेडिओ कोण ऐकतं? त्यांना मी जुलै २०२१ आठवायला सांगते. दुसरी लाट आमच्याकडं अजून ओसरली नव्हती आणि कृष्णा चढली. आयर्विनला ५० च्या वर गेलं. आमच्याकडं वीज गेली, मग फोनची रेंज गेली. माणसांना घर सोडून शाळेत जायचं होतं आणि शाळेत गर्दी करू नका असंही सांगितलेलं होतं. पॉझिटिव्ह माणसानं कुठं जायचं? आमच्या आत्तीच्या घरी दोघं आजारी होती. त्यांनी पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत घर सोडलं नाही, कारण आपल्याला शाळेत घेतील का नाही, हेच माहीत नव्हतं. त्यांच्याकडं सेलवरचा रेडिओ होता. त्यावर पाण्याचे फूट कळत होते. त्यांच्यासारख्यांची सोय कुठल्या इमारतीत केलीय, हे मात्र ऐकायला मिळालं नाही.

मला मोठं काही नको. प्रत्येक जिल्ह्याच्या केंद्राला पूर्ण पगाराचा बातमीदार हवा, सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी तालुकावार दहा मिनिटं हवीत, आणि सामुदायिक रेडिओवरची बातम्यांची बंदी उठायला हवी. कुठल्या दवाखान्यात किती खाटा, कुठला रस्ता चालू, लस कुठं, मार्केट यार्ड कधी. आयर्विनच्या फुटांसारखं, सरळ.

सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, बीड, परभणी, जळगाव, कुठलंही केंद्र ऐकणारे असाल तर त्या दोन वर्षांत रेडिओवरून तुमच्या गावाला नेमकं काय मिळालं आणि काय हवं असून मिळालं नाही, ते खाली लिहा. आई-वडिलांना, आजी-आजोबांना विचारून लिहा. आण्णांनी त्यांचं कॅलेंडरच्या मागचं पान मला पाठवलंय. सगळ्यांचं एकत्र करून मी ते आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीला पाठवणार आहे.