बंडोपंतांचा कदमताल

काल सकाळी सव्वासहाच्या सुमारास, गोल्फ क्लब मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर, चारचौघांत मला सांगण्यात आलं की मला चालता येत नाही. चारचौघांत म्हणजे अकरा जणांत. मी मोजले. माझं वय ४६. आई सांगते त्यावर विश्वास ठेवला तर मी अकराव्या महिन्यापासून चालतोय. एवढा अनुभव एका माणसाने 'गलत' या एका शब्दात निकालात काढला.

झालं होतं असं. कन्येला सुट्टीत कॉलेज रोडच्या एका कोडिंग क्लासला घातलं. फी साडेचार हजार. तिथे मुलांना ॲलिस नावाचं सॉफ्टवेअर शिकवतात. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात रँडी पॉश नावाच्या प्राध्यापकाने आणि त्याच्या चमूने ते वाढवलं, नवशिक्यांसाठी. ते फुकट मिळतं. हे मला फी भरल्यावर कळलं.

त्यात कोड टाइप करायचा नसतो. हिरवळीवर एक माणूस उभा असतो आणि सूचनांच्या चौकोनी पट्ट्या माउसने ओढून एकाखाली एक लावायच्या असतात. माणसाला चालवायचं तर त्याचे हातपाय हवे तसे वळवून 'कॅप्चर पोझ' दाबायचं. ती पोझ साठवली जाते. मग तीच पट्टी म्हणून प्रोग्रॅममध्ये ओढली की 'सेट पोझ' होते आणि माणूस आपोआप त्या अवस्थेत जातो. आपण फक्त मुक्काम सांगायचे, मधला प्रवास कॉम्प्युटर करतो. कन्येचा प्रोजेक्ट होता 'आजोबा भाजी आणायला जातात'. आजोबांचं नाव आम्ही बंडोपंत ठेवलं. कन्या म्हणाली, "पप्पा, तुम्ही फक्त चालवून द्या, बाकी मी करते." आणि मैत्रिणीकडे गेली.

मी बंडोपंतांचं कोपर धरून वर उचललं. हाताबरोबर अख्खे बंडोपंत उचलले गेले. खाली सोडले तर डोकं जमिनीत आणि पाय वर. 'अफेक्ट सबपार्ट्स' नावाची एक टिक असते, ती मारल्याशिवाय सुटा अवयव हलत नाही, हे समजेपर्यंत तासभर ते शीर्षासनात होते. टिक मारल्यावर दुसरा घोळ. मी उत्साहाने गुडघे, खांदे, मनगटं सगळं फिरवलं, पण साधं सरळ उभं राहणं ही पोझ आधी साठवलीच नव्हती. जाणते लोक म्हणे सगळ्यात आधी तीच साठवतात, म्हणजे काहीही बिघडलं तरी माणूस मूळपदावर येतो. मी अनडू दाबत दाबत इतका मागे गेलो की बंडोपंतच दिसेनासे झाले.

एक पोझ धरून ठेवणं म्हणजे काय, ते आपल्या दुतोंड्या मारुतीकडून शिकावं. गोदावरीला पूर आला की अख्खं नाशिक विचारतं, "मारुतीला कुठवर?" गुडघ्याला, कमरेला, छातीला. त्याने कंटाळून एकदा जरी खाली बसायचं ठरवलं तरी शहराची मोजपट्टीच जाईल. नाशिकच्या माणसाला हे सगळं जमायला हवं, असंही मला उगाच वाटत होतं. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेत कॅमेऱ्यात पकडली होती. तेही पोझा साठवणंच की. पण वाटाण्याला कोपर नसतं. आणि वाटाणा भाजी आणायला जात नाही.

खरी गोची पुढे होती. उजवा पाय पुढे जातो तेव्हा कोणता हात पुढे जातो? तुम्ही आत्ता मनातल्या मनात उत्तर देताय, पण उठून चालून बघा. मी हॉलमध्ये स्वतःकडे बघत चाललो तर उजव्या पायाबरोबर उजवाच हात निघाला. उंट तसा चालतो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "कंबर धरली का?"

म्हणून मी वही-पेन घेऊन मैदानावर गेलो. शास्त्रशुद्ध निरीक्षण करायचं होतं. दुसरी फेरी संपता संपता मागून आवाज आला.

"ओ भाऊ."

सत्तरीचे गृहस्थ. इस्त्रीची खाकी हाफपँट, कॅनव्हासचे पांढरेशुभ्र बूट, मिशांना पीळ. ट्रॅकवर सगळे त्यांना मेजर म्हणतात. निवृत्त झाले ते हवालदार म्हणून, तोफखान्यातून, आणि बरीच वर्षं त्यांनी नाशिकरोडला रिक्रूटांना ड्रिल शिकवलंय, हे नंतर त्यांनीच मला तीनदा सांगितलं.

"काय चाललंय?"

"काही नाही, बघतोय."

"काय बघताय?"

"पाय," मी म्हणालो.

शब्द तोंडातून गेला आणि मग मला ऐकू आला.

गुलाबी टोपी घातलेल्या एक बाई थांबल्या. "हे मघापासून माझ्या मागून चालतायत. मला वाटलं ह्यांच्या ऑफिसातले कुणी असतील."

कारल्याचा ज्यूस विकणाऱ्याने मिक्सर बंद केला. सकाळी कारल्याच्या रांगेत उभ्या असलेल्या लोकांना दुसरं काही कडू मिळालं तर हवंच असतं. ते सगळे आले.

"वही बघू," मेजर म्हणाले, आणि घेतलीच. मोठ्याने वाचली. "'गुलाबी टोपी, उजवा पाय पुढे, डावा हात पुढे. बरोबर? पुन्हा बघणे.'" बाईंनी ओढणी सारखी केली. "'पांढरा टी-शर्ट, हात खिशात, बाद. जाड गृहस्थ, हात हलतच नाहीत, पोटामुळे?'"

जाड गृहस्थ माझ्या डाव्या बाजूलाच उभे होते. ग्लास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मी सगळं सांगितलं. क्लास, कन्या, बंडोपंत. सहकारी पतसंस्थेत हिशेब तपासतो हेही सांगितलं, त्याने प्रतिष्ठा वाढेल म्हणून. वाढली नाही. शेवटी मोबाइलवर लॅपटॉपच्या पडद्याचा काढलेला व्हिडिओ दाखवला. मेजरांनी फोन हातभर लांब धरून तीन वेळा पाहिला. मग त्यांचा चेहरा एकदम बदलला. आपल्या धंद्यातलं काहीतरी दिसल्यावर सुताराचा बदलतो तसा.

"हा रिक्रूट आहे."

"आजोबा आहेत," मी म्हणालो.

"रिक्रूट आहे. आणि हा चालत नाहीये. कदमताल करतोय. जागच्या जागी. तुम्ही याला तेज चल म्हटलंच नाही."

मी म्हणालो, म्हटलंय, 'मूव्ह फॉरवर्ड'ची पट्टी खाली लावलीये की.

"खाली म्हणजे नंतर. आधी पाय हलवतो, मग उभ्या उभ्या सरकतो. कपाट ढकलताय का? दोन्ही एकदम पाहिजे."

या माणसाने आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावलेला नव्हता, आणि त्याला 'डू टुगेदर' कळलं होतं. पोझ फक्त अंगाची ठेवण लक्षात ठेवते, माणूस कुठे उभा आहे याच्याशी तिला देणंघेणं नसतं. पुढे जाणं वेगळं सांगायचं आणि दोन्ही एकाच वेळी करायला लावायचं. रात्री दीडपर्यंत मी हेच शोधत होतो.

"एका पावलाला वेळ किती दिलाय?"

"एक सेकंद." तो मी दिला नव्हता, सॉफ्टवेअर आपणहून देतं.

"वरातीत नवरदेवाची घोडी याहून जोरात जाते. मिनिटाला १२० कदम. म्हणजे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हिशेब तपासतो हे सांगून बसलो होतो. "अर्धा सेकंद," मी म्हणालो.

"पाऊल केवढं?"

"एक मीटर."

"तीस इंच! जिराफ भरती केलाय काय?" तीस इंच म्हणजे ७६ सेंटिमीटर, हे जाड गृहस्थांनी फोनवर काढून दाखवलं. माझ्याकडे न बघता.

मग मेजरांना थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही. "आम्ही असंच शिकवायचो. गिनती से. 'एक' म्हटलं की हात इथं, पाय इथं, आणि तिथेच पुतळा. मी रांगेतून फिरणार, एकेकाचं कोपर तपासणार. मग 'दो'. मधलं कुणी शिकवत नसतं हो. मधलं अंग आपोआप करतं. चला, तुम्ही करून दाखवा."

"मी कशाला?"

"तुम्हाला येत नसेल तर त्याला कसं येणार? सावधान!"

मी सावधान झालो. का झालो, माहीत नाही. हा विचार काल दिवसभर मला छळत होता. मी नाही म्हणू शकलो असतो. ट्रॅक महापालिकेचा, पाय माझे.

"तेज चल!"

डावा पाय, डावा हात. उंट.

"थम! गलत. यांना चालता येत नाही."

गुलाबी टोपी खुदकन हसली. स्केटिंगला आलेली दोन पोरं बसून बघायला लागली. मेजरांनी माझं कोपर धरून खांद्याच्या उंचीला नेलं आणि तिथेच सोडून दिलं. फक्त हातच वर गेला, बाकीचा मी खाली राहिलो. तेवढ्यापुरता मी बंडोपंतांपेक्षा बरा. पाच वेळा 'एक', पाच वेळा 'दो'. सहाव्यांदा जमलं तेव्हा टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांचा जास्त राग आला. मेजरांनी खूश होऊन सगळ्यांना ज्यूस सांगितला आणि मग पाकीट घरी राहिल्याचं त्यांच्या लक्षात आलं. अकरा ग्लास, वीस रुपयांप्रमाणे. मेजर धरून. माझा बारावा, तो मी घेतला नाही.

संशय घेतला त्याबद्दल कुणी सॉरी म्हटलं नाही. ते सोडा. पण शेहेचाळीस वर्षांचा माणूस सहावीतल्या मुलीचा गृहपाठ करत मैदानावर का फिरतोय, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही, याचं वाईट वाटतं. कारण त्यांच्याही घरी तेच चालू असणार. क्लासमध्ये तीस मुलं, दोघांत एक लॅपटॉप, आणि जे तिथे होत नाही ते 'होम प्रॅक्टिस'. मी परवा क्लासच्या सरांना फोन केला. एकवीस-बावीसचा मुलगा. म्हणाला, "काका, यूट्यूबवर आहे सगळं." मग साडेचार हजार कशाचे? एसीचे म्हणावं तर तोही मी सोडायला गेलो तेव्हा दोनदा बंद होता. शेवटी सर्टिफिकेट मिळणार आहे. त्यावर माझं नाव नसेल.

संध्याकाळी बसलो. पहिली पोझ सरळ उभं राहणं, साठवली. दुसरी, डावा पाय उजवा हात. तिसरी, उलट. प्रत्येकीला अर्धा सेकंद आणि पावलाला ७६ सेंटिमीटर पुढे, एकेका पावलाचं दोन्ही मिळून एकेका 'डू टुगेदर'मध्ये. बंडोपंत निघाले! हिरवळीवरून, छाती काढून, हात खांद्यापर्यंत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, थोडं झोपेचंही असेल.

कन्या येऊन बघून म्हणाली, "पप्पा, हे भाजी आणायला चाललेत ना? परेडला नाही."

मग तिने खुर्ची ओढली, बंडोपंतांचे हात खाली घेतले, खांदे जरा वाकवले, पुन्हा कॅप्चर केलं. दोन मिनिटं. आता ते खरोखर भाजीला निघालेल्या आजोबांसारखे चालत होते, पिशवी तेवढी नव्हती.

"तुला ती टिक माहीत होती?" मी विचारलं.

"कोणती, सबपार्ट्सची? ती तर पहिल्याच दिवशी सांगितली होती."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाही."

आज सकाळी मी मैदानावर जाणार नव्हतो. पण शुगर आहे, डॉक्टरांनी रोज चार किलोमीटर सांगितलंय. सहाच्या आधीच गेलो, मेजर यायच्या आत आटपावं म्हणून. वही घरी ठेवली. पाचव्या पावलाला पायांकडे लक्ष गेलं आणि झालं, डाव्याबरोबर डावा. दुरुस्त करायला गेलो तर दोन्ही हात एकदम पुढे. समोरून गुलाबी टोपी येत होती. मी मान वळवून झाडांकडे बघू लागलो.

"थम!" लांबून आवाज आला.

मी थांबलो. माझ्या पुढे चाललेले जाड गृहस्थही थांबले.

"तुम्ही नाही हो," मेजर त्यांना म्हणाले. "तुम्ही चालू ठेवा."