निवांत

बुधवारी राणीबाग बंद असते, हे मला एका बुधवारी भायखळ्याला पोचून फाटकासमोर उभं राहिल्यावर कळलं.

निवृत्त होऊन बावीस दिवस झाले होते. तेवढ्यात दळण, गॅसचा नंबर आणि वरच्या मजल्यावरची गळती अशी तीन खाती माझ्या नावावर उघडली गेली होती. म्हणून 'बागेत जरा निवांत बसून येतो' असं सांगून मी सटकलो होतो. डोंबिवलीहून लोंबकळत आलेला माणूस बंद फाटक बघून लगेच माघारी वळत नाही. टपरीवर कटिंग घेतला आणि सावलीत एका कट्ट्यावर टेकलो. कुंपणाच्या आत एका उंच झाडावर करड्या पुरचुंड्या टांगल्यासारख्या दिसत होत्या. एका पुरचुंडीने मान बाहेर काढली, तेव्हा कळलं की रातबगळे आहेत. अर्ध्या तासात त्यांनी काही केलं नाही. मीही नाही.

घरी हिने विचारलं, "कशी होती बाग?" बंद होती म्हटलं असतं तर ते जन्मभर ऐकावं लागलं असतं. म्हणालो, "छान. अगदी निवांत."

इथे मी माती खाल्ली. "मग आपण सगळेच जाऊ या," ही म्हणाली. त्या रविवारी तिथे फुलांचं प्रदर्शन होतं आणि आमच्या मार्गावर मेगाब्लॉक. 'सगळे' म्हणजे ही, माझी ताई, ताईचा सात वर्षांचा नातू आणि हिचा धाकटा भाऊ. या मेहुण्याने गेल्या दिवाळीत कॅमेरा घेतला. त्याची लेन्स पाणी तापवायच्या बंबाएवढी आहे आणि ती धरायला दुसरा माणूस लागतो. तो दुसरा माणूस मी.

तिकीट एकेकाळी पाच रुपये होतं, 2017 मध्ये ते 50 झालं. आईवडील आणि दोन मुलं अशा कुटुंबाला मात्र 100 रुपयांत सोडतात. ताईने रांगेतच हिशेब मांडला. "तुम्ही दोघं आईबाप, हा नातू एक मूल. दुसरं मूल कोण?" सगळ्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. तो चव्वेचाळीस वर्षांचा आहे आणि त्याला मिशी आहे. खिडकीतल्या माणसाने आमच्याकडे न बघताच सुटी तिकिटं फाडली.

फुलांविषयी मी फार सांगू शकत नाही, कारण मला ती माणसांच्या खांद्यांवरून दिसली. शेवंती, पिटुनिया, झेंडू आणि फुलांचा एक प्राणी. तो हत्ती होता की गेंडा, यावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही. दर दहा पावलांवर एक रखवालदार शिट्टी घेऊन उभा. त्यातल्या निम्म्या शिट्ट्या आमच्या ताईसाठी वाजल्या. ताईच्या पर्समध्ये छोटी कात्री आणि ओला रुमाल कायम असतो. जगातलं कुठलंही झाड काडी खोचून येतं, अशी तिची श्रद्धा आहे.

"बाळ्या, तू जरा त्याच्याशी बोलत राहा," ती मला कुजबुजली. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, कधी एक पिन घरी आणली नाही. आणि साठीला टेकल्यावर मी एका रखवालदाराला त्याचं गाव विचारत उभा होतो. खेड, जिल्हा रत्नागिरी. माणूस चांगला होता. बोलता बोलता शिट्टी वाजवत होता.

उर्वशीच्या झाडापाशी मात्र ताईही थबकली. मूळचं ब्रह्मदेशातलं हे झाड हिवाळ्यात फुलतं. लांब लाल दांड्यांवर फुलं उलटी लटकतात, झुंबरासारखी. लाल पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका, जणू कुणी हळदीचं बोट टेकवलंय. 1862 साली ही बाग खुली झाली ती मुळात झाडांसाठी. प्राणी नंतर आले. हे मी सांगत होतो तेव्हा ऐकायला फक्त लेन्स होती.

मग पक्ष्यांचं मोठं दालन. वर जाळी, आत झाडं, पाणी, आणि आपणही आतच. मेहुण्याने सगळ्यांना गप्प केलं. तो पाण्याकाठी दबा धरून बसला आणि हळू आवाजात मला समजावू लागला, "भावोजी, रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, खरा बघावा तो शिवडीला. भरती-ओहोटीची वेळ साधून जायचं, सगळी खाडी गुलाबी..." तेवढ्यात मागून एक बाई किंचाळल्या, "रोहित! पाण्याकडे जाऊ नकोस!" मेहुणा बंबासकट गर्रकन फिरला आणि धडाधड बारा फोटो काढले. बाराही फोटोंत लाल स्वेटर घातलेला, वेफर्स खाणारा एक मुलगा आहे.

पेंग्विनच्या रांगेत आमचा पाऊण तास गेला. "मामाआजोबा, बर्फ कुठाय?" नातवाने विचारलं. हे हम्बोल्ट पेंग्विन, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, त्यांचा बर्फाशी फारसा संबंध नाही, असं मी सांगितलं. पैसे परत मागावेत असा त्याचा चेहरा झाला. ताईला मात्र तिथला एसी फार आवडला. तिला बाहेर काढायला पुन्हा शिट्टी लागली.

शेवटी मला एक रिकामा बाक सापडला. समोरच्या कठड्यावर, चार हातांवर, एक रातबगळा. हा पिंजऱ्यातला नव्हे, आपखुशीने आलेला. काळी टोपी, राखाडी कोट, मान खांद्यांत घातलेली, डोक्यामागे लांब पांढरं पीस आणि गुंजेसारखा लालभडक डोळा. जेवणाच्या सुट्टीनंतर आमचे हेडकॅशियर असेच बसत. रात्रपाळीचा पक्षी तो, दिवसा त्याला उठवायचं नसतं. मी सैल होऊन टेकलो.

"काका, जरा सरकता? मागची फुलं घ्यायचीयत." सरकलो. "काका, आमचा एक काढाल?" काढला. "उभा पण काढा ना." काढला. पाच कुटुंबांचे फोटो काढून झाले तेव्हा बाकावर एक आजी, तीन पिशव्या आणि डबा होता. रातबगळा एकदा 'वॉक्' म्हणाला आणि उडून गेला.

रात्री ताईने रुमाल उलगडला. आत सात काड्या निघाल्या. त्यातली एक माझ्या छत्रीची होती. ही पाय शेकत बसली होती.

"बाग छान आहे हो, पण निवांत कुठे काय! तुम्ही त्या दिवशी गेलात तेव्हा नव्हती का गर्दी?"

"अजिबात नव्हती."

"वार कुठला होता?"

"बुधवार."

"मग पुढच्या वेळी आपण सगळे बुधवारीच जाऊ या," ही म्हणाली.

मी गरम पाण्यात पाय सोडले आणि हो म्हणालो.