३६ टक्क्यांचे १२ कसे झाले?

अपघात भरपाईवरच्या माझ्या लेखाखाली कर्नाटकातल्या खानापूरच्या एका वाचकानं लिहिलंय: ‘माझ्या मेहुण्याच्या हाताला डॉक्टरांनी ३६ टक्के अपंगत्व लिहून दिलं, कोर्टानं १२ धरलं. मंजूर झाले त्यातले अर्धे बँकेत अडकवले. हा कसला हक्क? तुमचं लिखाण विमा कंपनीच्या सोयीचं आहे.’

तुमचा राग रास्त आहे. पण शेवटचं वाक्य मला लागलं, म्हणून सविस्तर लिहितो.

डॉक्टरांचे ३६ टक्के त्या एका हातापुरते असणार. आपल्याकडे हातापायाच्या टक्क्याचा तिसरा हिस्सा अख्ख्या शरीराचा म्हणून धरायची पद्धत पडली आहे. मेहुण्यांचं वय ३४ आणि कमाई महिना १५ हजार धरू. वर्षाचे १ लाख ८० हजार, गुणिले १६. हा त्या वयाचा गुणक, म्हणजे किती वर्षांची कमाई धरायची तो आकडा, २००९ च्या सरला वर्मा निकालातला. झाले २८ लाख ८० हजार. त्याचे १२ टक्के म्हणजे ३ लाख ४५ हजार ६००. ३६ टक्क्यांनी तेच दहा लाखांवर जातात. दवाखान्याचा खर्च आणि वेदनेची भरपाई वेगळी.

पण तिसरा हिस्सा हा कायदा नाही. २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की शरीराचा टक्का आणि कमाईचा टक्का एक नव्हे. डावा हात गेलेल्या सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणजे तो माणूस काय काम करत होता, हे कोर्टापुढे यायलाच हवं.

तिथंच आपली माणसं मार खातात. माझा दादा वडगावात पॉवरलूमवर. ट्रकनं उडवल्यापासून त्याचा उजवा अंगठा वळत नाही. मागावर सुताचा तार तुटला की चिमटीत धरून गाठ मारावी लागते, एका पाळीत कितीदा तरी. ते त्याला आता जमत नाही. साक्षीत हे कुणी विचारलंच नाही. प्रतिज्ञापत्र कन्नडमध्ये टाइप केलेलं, दादानं न वाचता सही केली. निकालानंतर मी अक्षर अक्षर लावत ते वाचलं. व्यवसाय ‘कूली’, म्हणजे नुसता मजूर, लिहिला होता, मागाचं नावही नव्हतं. हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात अपील केलं, टक्का वाढला, पण मधली तीन वर्षं वहिनीनं घर कसं चालवलं ते मी पाहिलंय.

ठेवीबद्दल तुमचं बरोबर आहे, ते मी लेखात लिहायला हवं होतं. अडाणी माणसाचे पैसे कुणी लुबाडू नयेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या सुसम्मा थॉमस निकालानं ठेवीची वाट घालून दिली. पण सरसकट अडकवू नका, असंही सर्वोच्च न्यायालयानंच २०१२ मध्ये ए. व्ही. पद्मा प्रकरणात बजावलंय. उपचार, घर, धंदा यांसाठी ठेव मोडायला त्याच न्यायाधिकरणाकडे, म्हणजे भरपाईचा निकाल दिलेल्या कोर्टाकडे, अर्ज करता येतो. तो हक्कानं करा, त्यात भीक कसली?

अपिलाला निकालापासून ९० दिवस असतात. उद्याच निकालाची आणि प्रतिज्ञापत्राची नक्कल काढा, कन्नड नीट येणाऱ्या माणसाकडून ओळ न ओळ वाचून घ्या. मेहुण्यांचं काम त्यात काय लिहिलंय, आणि आता त्यांना नेमकं काय जमत नाही, ते मला कळवा.