हेल्मेटच्या आधीचा प्रश्न

भारतात बांधकामावर अपघात झाला की आमच्या मित्रांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला: कामगारानं हेल्मेट घातलं होतं का? इंग्लंडमधल्या साइटवर काम करू लागल्यापासून मला हा प्रश्न फार उशिराचा वाटतो.

जून २०१९ मध्ये पुण्याच्या कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. १५ माणसं गेली, त्यात लहान मुलंही. वेळ मध्यरात्रीनंतरची, सगळे झोपेत. इथे हेल्मेट काय करणार होतं? उंच भिंत, मुसळधार पाऊस आणि पायथ्याशी झोपड्या. कुणीतरी जागा ठरवतानाच बोट ठेवून ‘इथे नको’ म्हणायला हवं होतं.

ब्रिटनच्या २०१५ च्या बांधकाम नियमांत ते ‘कुणीतरी’ नेमलेलं असतं. एकापेक्षा जास्त ठेकेदार असतील तर मालकानं प्रमुख डिझाइनर आणि प्रमुख ठेकेदार लेखी नेमायचे. डिझाइनरनं धोका कागदावरच काढून टाकायचा. गच्चीचा कठडाच पुरेसा उंच काढला, तर पुढे दुरुस्तीला चढणाऱ्याला अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा लावावा लागत नाही. उंचीवरच्या कामाचा क्रमही तसाच: आधी वर जाणं टाळता येतं का ते बघा, मग कठडा, मग जाळी. पट्टा अगदी शेवटी.

‘आपल्याकडे शिस्त नाही’ हे उत्तर मला पटत नाही. पट्टा काढून ठेवणारे इथेही आहेत, आणि उंचावरून पडणं हे बांधकामातल्या मृत्यूंचं इथलंही सर्वात मोठं कारण आहे. फरक असा, की धोका दिसला तर सरकारी निरीक्षक काम जागच्या जागी बंद पाडू शकतो, आणि मालकाला ‘ते ठेकेदाराचं बघणं’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

तरी इथला नियम उचलून तिकडे चिकटवला तर अर्धंच काम होईल. इथला कामगार संध्याकाळी घरी जातो; आपला बिगारी बायकामुलांसह साइटवरच राहतो. त्याची झोपायची जागा हा धोका इथल्या आराखड्यांत सहसा येतच नाही. शिवाय आपल्या बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्यात तो लागू होण्यासाठी किमान १० कामगारांची अट होती, कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेच्या २०२० च्या संहितेतही ती राहिली. बांबूच्या परांचीवर चौघं रंग देत असतील तर ते मोजणीतच नाहीत. ब्रिटनचे नियम एका खोलीच्या वाढीव कामालाही लागतात. (पाळले किती जातात, तो वेगळा विषय.)

मला वाटतं, महापालिकेनं परवानगीच्या नकाशांसोबत आर्किटेक्टच्या सहीचं आणखी एक पान मागावं: खोदाईच्या कडा कशानं धरणार, शेजारची भिंत कुणी तपासली, मजूर कुठे झोपणार. ते कोरं असेल तर फाइल परत.