देशाचा कणा व्हायचंय? मग हे करा

परवा भाच्याच्या साखरपुड्याला पुण्यात गेलो होतो. पंगतीत शेजारी बसलेले पाहुणे, बँकेतून निवृत्त झालेले, कौतुकानं म्हणाले, "तुम्ही शेतकरी म्हणजे अर्थव्यवस्थेचा कणा! फक्त तेवढं कांद्याचं जरा आवरा बुवा." माझ्या खिशात आदल्या दिवशीची कांदापट्टी, म्हणजे बाजार समितीत कांदा विकल्याची पावती, होती. ती चाचपत मी हसलो. तुम्हालाही कणा व्हायचं असेल तर चार गोष्टी सांगून ठेवतो.

संख्येनं भरपूर असा. देशातले शंभरातले ४६ कामकरी शेतीत आहेत, देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास. भागाकार करू नका, त्रास होतो.

कर्जमाफीचे टोमणे ऐकायची सवय ठेवा.

संकटात देशाला सावरा. २०२० च्या एप्रिल ते जूनमध्ये सगळं ठप्प होतं, पहिल्या अंदाजात जीडीपी २३.९ टक्क्यांनी खाली आणि शेती तेवढी ३.४ टक्क्यांनी वर. बक्षीस लगेच मिळालं: १४ सप्टेंबरला कांद्याची निर्यात बंद.

आणि हो, कांदाच लावा. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये काढून चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरा. दर आठ-दहा दिवसांनी आत शिरून सडका वेचा. तो वास दोन अंघोळींनीही जात नाही. कोंब फुटायला लागले की पहाटे ट्रॅक्टर भरून बाजार समितीच्या रांगेत लावा. व्यापारी येईल, ट्रॉलीतले वरचे दोन कांदे उचलेल, एकाची साल चोळेल, "सातशे" म्हणेल आणि पुढच्या ट्रॉलीकडे जाईल. अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. २८ क्विंटलचे १९,६००. त्यातून हमाली, तोलाई, ट्रॅक्टरचं भाडं. रोपं, लागण, खत, काढणी हे धरायचंच नसतं, ती हौस.

भाव पडला तर 'बाजार आहे, चालायचंच'. चढला तर? ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबरला सरळ बंदी. ती उठली ४ मे २०२४ ला, शुल्क ठेवूनच. नाशिकचं मतदान २० मेला होतं, योगायोग हो! शुल्क पुरतं गेलं १ एप्रिल २०२५ ला. तोवर बाहेरच्या गिऱ्हाइकांनी पाकिस्तानचा, चीनचा कांदा घेऊन पाहिला होता. पंधरा-वीस वर्षं जोडलेलं गिऱ्हाईक असं घालवायचं आणि वर आम्हालाच विचारायचं, भाव का नाही?

पुरे झालं. पाहुणे, तुम्ही आयुष्यभर बँकेत होतात. कर्जदाराचा माल विकायची वेळ आली की सरकारनं दरवाजा लावायचा आणि हप्ता मात्र तारखेला मागायचा, हे तुमच्या एकाही फायलीत तुम्ही चालवून घेतलं असतंत का? बंदी आली तेव्हा 'बरं झालं' म्हणालात. आमच्या चाळीत काय सडतंय ते बघायला एकदा तरी आलात? पुढच्या वेळी मला कणा म्हणू नका. पट्टी दाखवीन, ती वाचा आधी.